आधी दार बघून ठेव

पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी पळायचं दार दाखवणारी बाई मी जव्हारलाच पाहिली. तिथल्या शाळेवर नेमणूक झाली तेव्हा मी घरमालकीण काकींच्या मागल्या खोलीत भाडेकरू होते. पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच त्या म्हणाल्या, "पाणी मागनं देते. धक्का बसला तर कुठनं पळशील, ते आधी बघून ठेव."

त्या बाजूला जमीन अधूनमधून हलते. भांडी किणकिणतात, कुत्री भुंकतात, संपलं. गल्लीला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. काकींना मात्र प्रत्येक धक्का पहिलाच. "भाईर!" अशी आरोळी ठोकून त्या सगळ्यांना अंगणात काढत. त्यांचे यजमान, म्हणजे काका, एकदा अर्ध्या दाढीनिशी साबण गाळत उभे होते. एकदा तर नुसता खडीचा ट्रक गेला आणि काकींमागे अर्धी गल्ली बाहेर. लोक पोट धरून हसले.

"हसा," काकी म्हणाल्या. "शंभरदा हसं झालं तरी चालंल. एकदा रडायची पाळी नको."

माळ्यावरचे हंडे त्यांनी कधीच खाली उतरवले होते. भिंतीलगत कुणाचं अंथरूण नाही, दिवसा दाराला कडी नाही. मला हा अतिरेक वाटे. मग एका दुपारी माझ्याच खोलीच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली आणि माझं हसणं बंद झालं.

पुढे काकांना लकवा झाला. त्यांना उचलायला चार माणसं लागत. काकींनी त्यांची खाट बाहेर पडवीत आणली. पण पावसाची झड आत येऊ लागली, काका खोकून बेजार झाले आणि खाट पुन्हा घरात गेली. त्या दिवशी काकींचा चेहरा बघवत नव्हता.

नंतरचा धक्का मोठा होता. कौलं धडाधड घसरली. "भाईर!" ऐकताच मी अंगणात. वळून पाहिलं तर काकी नाहीत. उघड्या दारातून दिसल्या, काकांच्या डोक्यावर ओणवलेल्या. मी दाराकडे धावले तशा ओरडल्या, "पाय आत टाकू नको! शिकवलं ते फुकट का?"

जमीन थांबेपर्यंत मी नुसती त्यांच्या पाठीकडे बघत राहिले.

आता माझी बदली झाली आहे. तिकडे धक्का बसल्याचं कळलं की मी लगेच फोन लावते. फोन काकांच्या उशाशी असतो. काकी तो पहिल्याच रिंगला उचलतात, "आम्ही बरी आहोत गं," म्हणतात, आणि मला कळतं, या वेळीही त्या आतच थांबल्या. अंगणात असत्या, तर फोन नुसताच वाजत राहिला असता.