शेळीनं खाल्लेली बैलगाडी

मंडळी, आज सकाळी नेकनूरला बहिणीकडे होतो. तिथं घडलेलं सांगतो.

बहिणीच्या सासऱ्यांचा, म्हणजे आबांचा, उजवा हात अर्धांगवायूनंतर जड झालाय. डॉक्टरांनी बोटांच्या व्यायामासाठी रबरी चेंडू दिलाय, पण तो फळीवरच पडून असतो. "मी काय लेकरू हाय का चेंडू खेळाया?" हे आबांचं ठरलेलं उत्तर.

नात स्वराला आज शाळेत हस्तकलेची वस्तू न्यायची होती. काल आबांनी बाजेवरून सांगितलं तशी तिनं कडब्याच्या धांड्याची, म्हणजे ज्वारीच्या वाळलेल्या ताटाची, बैलगाडी केली. धांडा सोलायचा, आतल्या मऊ गाभ्याची चाकं आणि बैल करायचे, सालीच्या काड्या टोचून सगळं जोडायचं. खर्च काहीच नाही.

गाडी ओट्यावर राहिली आणि सकाळी शेळीनं ती खाल्ली.

स्वरा रडत आबांकडे गेली.

"बैल बी खाल्ले का?"

"बैल बी!"

"मंग रडतीस कावून? दुसरा धांडा आण."

शाळेची वेळ होत आलेली. पोरीला हुंदक्यांत काही जमेना. आबांनी तिच्या हातून धांडा घेतला आणि स्वतःच सोलायला लागले, उजव्या हातानं. काडी निसटली, पुन्हा निसटली, मग बसली. एक चाक वाकडं झालं.

शेळीला मारायला काठी घेऊन निघालेली बहीण दारातच थांबली. हळूच म्हणाली, "दादा, हिला आता मारू का गूळ चारू?"

तुमच्याकडे कडब्याचं अजून काय काय करायचे? नक्की लिहा. आबांनी उद्यासाठी दोन धांडे उशाशी घेऊन ठेवलेत, शेळीचं तोंड पोचणार नाही असे.