साडूभाऊंचा मागचा शॉकअप

माणूस आपल्या चुकांचं खापर कुणावर फोडतो यावरून त्याची पारख करायची झाली, तर माझ्या साडूंइतका सज्जन माणूस दिल्लीपासून गाझियाबादपर्यंत सापडणार नाही. त्यांनी ते कधी बायकोवर फोडलं नाही, हाताखालच्या माणसांवर फोडलं नाही, सरकारवर तर नाहीच, कारण थोडंफार सरकार ते स्वतःच होते. त्यांनी ते वर्षानुवर्षं मोटरसायकलच्या मागच्या शॉकअपवर फोडलं, आणि शॉकअपनेही कधी उलट उत्तर दिलं नाही. मी त्यांच्या मानाने फारच कच्चा माणूस. मला अपराधी वाटायला कारण लागत नाही. बँकेच्या रांगेत माझा नंबर आधी आला तरी मी मागच्याकडे बघून ओशाळतो; मेट्रोत बसायला जागा मिळाली की पुढची दोन स्टेशनं उभ्या असलेल्या लोकांची नजर चुकवण्यात जातात. त्यामुळे एखाद्या वस्तूला ‘चूक तुझी आहे’ असं तिच्या तोंडावर सांगू शकणाऱ्या या माणसाबद्दल मला पहिल्यापासून आदर वाटत आला.

माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, ती त्यांची पत्नी. ते दोघं सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, आम्ही गाझियाबादला. साडू हिशेबतपासणीच्या खात्यात मोठ्या हुद्द्यावर. दुसऱ्याने मोजलेल्या कुठल्याही गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही, हे त्यांचं कामही होतं आणि स्वभावही. खिशात रुमालाबरोबर एक छोटी टेप असायची. नोएडाला एका बारशात पाळण्याकडे टक लावून बघत ते उठले, दोन्ही बाजूंच्या साखळ्या मोजल्या आणि यजमानांना बाजूला घेऊन म्हणाले, “बाळ उजवीकडे कलतंय.” कडी सरळ होईपर्यंत नाव ठेवायचं थांबलं. बायका कुजबुजत होत्या, बाळ झोपलं होतं, आणि माझं काही नसताना मी सगळ्यांची माफी मागत फिरत होतो. माझ्या गाडीत बसले की प्रत्येक स्पीडब्रेकरला ते डोळे मिटून घेत. मला आधी वाटायचं, देवाचं नाव घेतात. ते ऐकत असत. “तुमचा मागचा डावा शॉकअप गेला,” असं ते इतक्या हळू आवाजात सांगत, की जणू डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावून सांगताहेत.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी स्पोर्ट मोटरसायकल घेतली. दिवसभर ज्याने दुसऱ्यांचा वेग अडवला त्याला स्वतःचा वेग हवासा वाटला असेल, यात मला काही गैर दिसत नाही. हिवाळ्यात ग्रेटर नोएडाच्या पलीकडे रेसच्या ट्रॅकवर हौशी लोकांना पैसे भरून गाडी चालवू देतात, तिथे ते टेम्पोत गाडी घालून जाऊ लागले. नवशिक्यांच्या गटात ते सर्वांत ज्येष्ठ आणि सर्वांत शेवटी. परत आले की हेल्मेट काढायच्या आधीच सांगत, “वळणावर मागचं अंग पोहतंय, डुलतंय.” मग टायर बदलले, चेन बदलली, ब्रेकचं सगळं बदललं, मागचं पोहतच राहिलं. शेवटी एकच गोष्ट बदलायची राहिली. आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो असताना ताईने निकाल दिला, “घ्या तो शॉकअप. पण हे शेवटचं. नवीन बसवल्यावर ट्रॅकवरून परत येऊन गाडीबद्दल एक जरी तक्रार केलीत, तर गाडी विकायची.” साडूंनी थोडा वेळ विचार केला आणि लेखी आदेश मिळाल्यासारखी मान हलवली. त्यांचा या गाडीवर किती जीव होता ते मला ठाऊक होतं. मी भाजी परत मागून घेतली नाही.

परदेशातून मागवलेला शॉकअप स्वाराच्या वजनावर ठरतो. स्प्रिंग हलकी की भारी, ते वजनावरून निवडतात. दुकानदाराने फोनवर वजन विचारलं तेव्हा साडूंनी उपाशीपोटीचं, जेवणानंतरचं आणि चामड्याच्या रेसिंग सूटसकट अशी तिन्ही वजनं दिली आणि तिन्हींची सरासरी काढायला सांगितली. स्प्रिंगची ऑर्डर गेली त्या दिवसापासून ते वजन हा सरकारी दस्तऐवज झाला. दिवाळीत ताईने चकल्यांची ताटली पुढे केली तर, “नको, स्प्रिंग निघाली आहे.” पुढच्या पंधरवड्यात नेमकं संकष्टीला चेहरा उतरला, वजन घटलं होतं, तेव्हा वर्षानुवर्षांचा उपास मोडून त्यांनी त्याच दिवशी साबुदाण्याच्या खिचडीबरोबर पोळीही खाल्ली. “देवाला समजेल,” ताई म्हणाली, “दुकानदाराला समजणार नाही.”

शॉकअप आला आणि क्वार्टरच्या अंगणात बसवलाही गेला. खालच्या मजल्यावरचे पंजाबी आजोबा खुर्ची टाकून सगळं बघत होते. “भाईसाब, इस उमर में कमर का शॉकर बदलवाते हैं, गाड़ी का नहीं,” असं त्यांनी प्रेमाने सुचवलं. मग मोजणी आली. स्वार बसल्यावर गाडीचं मागचं अंग किती दबतं ते मोजायचं आणि त्याप्रमाणे स्प्रिंग आवळायची किंवा सैल करायची, असं ते काम. याला तीन माणसं लागतात: एकाने गाडी धरायची, एकाने वर बसायचं, एकाने मोजायचं. आम्ही बरोबर तिघं होतो. ताईने हात पुढे केला.

“द्या ती टेप. तुमच्या विजारींची मापं आजवर कोण घेत आलंय?”

“विजारीत मिलिमीटर नसतात,” साडू म्हणाले.

म्हणजे मोजणार ते. गाडी धरणार ताई. आणि वर बसणार, त्यांच्या सूटमध्ये, मी. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, “साडूभाऊ, मी तुमच्यापेक्षा चांगला जाड आहे.” ते तर अंगणातल्या प्रत्येकाला दिसत होतं. सूटची चेन माझ्या पोटाशी येऊन थांबली होती आणि पंजाबी आजोबांनी खुर्ची जवळ ओढली होती.

“श्वास रोखून धरा,” साडू गुडघ्यावर बसत म्हणाले, “बरोबर होईल.”

मी श्वास रोखला. त्यांनी तीनदा मोजलं, तिन्ही आकडे जुळले, आणि त्यांनी समाधानाने स्प्रिंग आवळली. आकडे जुळले की ते खरे असतात, यावर त्यांची निष्ठा होती.

ट्रॅकच्या दिवशी ताई पहिल्यांदाच बरोबर आली. पराठ्यांचा डबा, लोणच्याची बाटली आणि एक सतरंजी घेऊन ती पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथे, बसली. आजूबाजूची पोरं गुडघे जमिनीला टेकवत वळणं घेत होती, आणि ती त्यांच्या आयांची काळजी करत होती. साडू पहिल्या फेऱ्या मारून परत आले. हेल्मेट काढलं तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. ब्रेक दाबला की मागचं चाक उड्या मारत होतं, ते मला कठड्यावरूनही दिसलं होतं. त्यांनी तोंड उघडलं. समोर ताई डब्याचं झाकण हातात धरून वाट बघत होती. त्यांनी तोंड मिटलं, हातमोजे काढले, पुन्हा घातले, पुन्हा काढले. इतकी मोठी तक्रार एका माणसाच्या आत मावलेली मी कधी पाहिली नव्हती.

मला ते बघवेना. “साडूभाऊ,” मी म्हणालो, “स्प्रिंग माझ्या वजनाला आवळली आहे. तुम्ही तिला हलके पडताय. म्हणून ती तुम्हाला उडवतेय.”

त्यांनी वाकून स्प्रिंगवरून बोट फिरवलं.

“म्हणजे गाडीची चूक नाही.”

“नाही.”

“मापाची आहे.”

“हो.”

“माप मी घेतलं.”

ताईला टोमणा मारायला ती जागा किती सोयीची होती, हे आम्हाला दोघांनाही कळत होतं, पण तिने फक्त डब्याचं झाकण लावलं. साडूंनी खिशातून टेप काढली. क्षणभर हातात धरली आणि ताईपुढे केली. “घे. तू सांग.”

मी पुढून हँडल धरलं. ते पुरता सूट आणि हेल्मेट घालून गाडीवर बसले, समोर बघत, फोटो काढायला बसल्यासारखे ताठ. ताईने पदर खोचला, मागे गुडघ्यावर बसली आणि आकडा सांगितला. मी वाट बघत होतो. आता ते म्हणतील, परत एकदा बघ. हेल्मेटमधून आवाज आला, “किती सैल करू?” ताई म्हणाली, “मला काय विचारता, गाडी तुमची आहे.” त्यांनी स्प्रिंग सैल केली, पुन्हा बसले, तिने पुन्हा आकडा सांगितला, आणि तोही त्यांनी मुकाट्याने घेतला.

दुपारच्या फेऱ्यांत गाडी वळणावर अशी बसली, की जणू रुळांवर ठेवली होती. साडू तरीही सर्वांत शेवटी आले. सगळ्या गाड्या पिटमध्ये येऊन, इंजिनं थंड होऊन, पोरं चहा प्यायला गेल्यावर ते आले.

“बोला,” ताई म्हणाली. “काय दुखतंय तिला?”

“काही नाही.”

“मग एवढा उशीर?”

“तिचा नाही,” ते म्हणाले. “मी हळू आहे. मला भीती वाटते वळणाची. पहिल्यापासूनच वाटत असणार.”

ताईने त्यांच्याकडे नीट बघितलं. मग पराठ्याचा घास करून त्यांच्या हातावर ठेवला. “मग असू द्या,” ती म्हणाली. “गाडीही, आणि तुमची भीतीही.”

संध्याकाळी गाडी टेम्पोत चढवली. ताई पुढे ड्रायव्हरजवळ बसली. आम्ही दोघं मागे, गाडीच्या दोन बाजूंना दोर धरून.

“यार, शेवटच्या फेरीत सगळे पुढे निघून गेले होते,” साडू म्हणाले. “ट्रॅकवर मी एकटाच. मागून कुणी नाही, पुढे कुणी नाही. काय शांत होतं.”

“मग?”

“मग अजून थोडी हळू घेतली.”

टेम्पो एक्सप्रेसवेला लागला. ड्रायव्हर सावकाश जाणारा होता. मागून येणाऱ्या गाड्या दिवे दाखवत बाजूने निघून जात होत्या, आणि साडू दोर एका हातात धरून, दुसऱ्या हाताने त्या प्रत्येकीला पुढे जायची खूण करत होते.