वाल पेरलेलं मैदान

सुतक फिटून आठवडा झाला. शेजारच्या काकूंनी आज मोड आलेले वाल सोलायला घेतले आहेत, आणि त्यांचा हिरवा, किंचित कडवट, ओल्या मातीशी नातं सांगणारा वास पडवीतून माझ्या टेबलापर्यंत येतो आहे. समोरचं पुस्तक सकाळपासून एकाच पानावर उघडं आहे. दादा, माझा थोरला भाऊ, यंदाच्या पावसाळ्यात मुंबईत गेला. म्हणजे राहायला तो केव्हाच गेला होता, आता कायमचा गेला. या वासाने मला जेवण आठवायला हवं, पण आठवतं ते आमच्या वाडीखालचं भाताचं शेत आणि ते वालांनी पेरलेलं पाहिलं ती सकाळ.

गोष्ट चाळीसेक वर्षांपूर्वीची. किहीमला आमच्या वाडीपलीकडे एक बैठी बंगली बरेच दिवस रिकामी पडून होती. तिथे एक गोरा साहेब भाड्याने राहायला आला. पन्नाशीच्या आतला, एका गुडघ्याने अधू, हातात साधी वेताची काठी. विलायतेत तो फुटबॉल खेळत असे. वर्तमानपत्रांत ज्यांची नावं येतात त्या क्लबांत नव्हे. खालच्या, अगदी खालच्या फळीतल्या क्लबांत, जिथे कोळशाच्या खाणीतून वर आलेली माणसं भर पावसात उभी राहून खेळ बघतात आणि हरलं की खेळाडूंना नावं ठेवत घरी जातात. गुडघा गेल्यावर तो अशाच एका क्लबाचा मॅनेजर झाला. खेळाडू शोधायचे, संघ निवडायचा आणि हरल्याचा दोष आपल्या माथी घ्यायचा, हे त्याचं काम. एका क्लबाने काढलं, मग दुसऱ्याने. शेवटी कुणाच्या ओळखीने मुंबईत एका गिरणीचा संघ शिकवायला आला, तिथूनही सुटला. हे सारं तो बंगलीच्या पायरीवर बसून सांगे आणि मी दादाला मराठीत सांगे, कारण घरात इंग्रजी शिकलेला मीच. गावच्या शाळेत मी तेव्हा मास्तर होतो.

सांगताना माझा स्वतःचाच विश्वास बसत नसे. आम्ही साहेब पाहिले होते ते कलेक्टरच्या तंबूतले, बंदरावरचे, शिकारीला आलेले. हुकूम करणारा साहेब आम्हांला ठाऊक होता, दारू पिणारा ठाऊक होता. पण हरलेला साहेब? नोकरीवरून काढलेला, ओळखीपाळखीवर जगणारा, आमच्यासारखा उद्याची काळजी करणारा? असा असू शकतो हे आमच्या डोक्यातच शिरत नव्हतं. म्हणून जो तो त्याच्या मागे काहीतरी मोठं शोधत होता.

भात कापून झालं की वाडीखालच्या आमच्या शेतात पोरं दरवर्षी चेंडू खेळत. साहेबाने एकदा कुंपणावरून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी तो आत आला. दादाचा खेळ तो अंधार पडेपर्यंत बघत राहिला. त्यानंतर रोज येऊ लागला. अनवाणी पोरांना त्याने जागा धरायला शिकवलं, चेंडू नसताना पळायला शिकवलं. पण खेळ सुरू होण्याआधी तो एकटाच शेतभर फिरे, काठीने जमीन टोची, वाकून मूठभर माती उचली, चुरगळी आणि नाकाशी नेई. मी विचारलं, तर म्हणाला, “ओल बघतो. चेंडू किती उसळेल ते कळतं.” मी हे गावात सांगितलं. कुणी ऐकलं नाही. आमच्याकडे दुसऱ्याच्या शेतातली माती अशी हातात घेऊन बघतो तो एकतर विकत घेणारा, नाहीतर सरकारी मोजणीवाला.

आमचं शेत कसणारे कूळ वयस्क होते, आम्ही त्यांना बाबा म्हणत असू. मारुतीच्या पारावर त्यांनीच विषय काढला.

“माती हुंगतो त्यो. बैल हुंगतो तशी. मी बघितलाय.”

“मोजणीवालाच हाय,” दुसरा म्हणाला.

“मोजणीवाल्याकडं साखळी असते रं. याच्याकडं नुसती काठी.”

“मग काठीवर खुणा असतील.”

एक दिवस साहेब विहिरीवर पाणी प्यायला थांबला, तेव्हा कुणीतरी ती काठी हळूच उचलून उन्हात फिरवून पाहिली. खूण एकही नव्हती.

“न्हाय काय?” बाबा म्हणाले. “म्हंजे पुसल्यान.”

माझ्या काकांनी त्यावर मान हलवली. ते अलिबागेला कचेरीत होते, शिकलेले होते, आणि त्यांचा संशय अधिक शिकलेला होता. ते मिठाच्या सत्याग्रहाचं वर्ष होतं. उन्हाळ्यात जवळच्या गावांतून माणसं धरून नेली होती, आणि नावं कुणी कळवली हे कुणालाच कळलं नव्हतं. काका म्हणाले, “एवढी खेळाची हौस, तर मुंबईत जिमखाने काय ओस पडलेत? आमच्या पोरांत येऊन बसतो, त्यांच्या गप्पा ऐकतो. फुकटात?” फुकटात या शब्दावर सगळ्यांच्या नजरा बंगलीच्या दिशेने वळल्या. माझीही.

आणि नेमकं तेव्हाच साहेबाने दादाला सांगितलं, की त्याच्या जुन्या गिरणीचा संघ रविवारी बोटीने मांडव्याला उतरून इथे खेळायला येणार आहे. दादा त्यांच्या नजरेत भरला, तर गिरणीत काम मिळेल आणि संघात जागा. दादा तेव्हा वाडीत नारळ मोजून कंटाळलेला, लग्नाला आलेला, आणि एका गोष्टीखेरीज कशातच जीव नसलेला माणूस होता. ती एक गोष्ट आता बोटीने त्याच्याकडे येत होती.

शनिवारी संध्याकाळी बाबांनी त्या शेतात वाल पेरले. भातानंतरच्या ओलीवर आमच्याकडे वाल होतातच, त्यात वावगं काही नव्हतं. फक्त ते शेत पोरांसाठी दरवर्षी मोकळं सोडत. भांडण नाही, मनाई नाही. पेरलेल्या रानात पाऊल टाकायचं नाही, एवढं इथल्या गुरांनाही कळतं. काकांनी त्यांना सांगितलं होतं की नाही, मला कधी समजलं नाही.

रविवारी सकाळी गिरणीची माणसं बांधावर येऊन उभी राहिली. दादाखेरीज आमच्या संघातलं कुणीही फिरकलं नव्हतं. साहेब नांगरलेल्या तासांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “ओहोटी आहे. किनाऱ्यावर खेळू. त्यांना एकटा हाच बघायचाय.”

गिरणीची माणसं किनाऱ्याकडे निघाली. दादा हलला नाही. वाटेवर काका उभे होते, त्यांच्या मागे पाराची मंडळी. गेला असता तर खबऱ्याच्या मागे गेला म्हणून गाव तुटलं असतं, न गेला तर बोट परत गेली असती. तो मला म्हणाला, “मास्तर, त्याला नीट विचार. माझ्यासाठी एवढं कशाला करतो? खरं काय ते सांग म्हणावं.”

मी विचारलं. साहेबाने आधी दादाकडे पाहिलं, मग वाटेवरच्या माणसांकडे, आणि म्हणाला, “चांगला खेळाडू आणून दिला तर माझी गेलेली नोकरी परत देतो म्हणालेत. त्याला सांग, मी त्याच्यासाठी काही करत नाही. माझ्यासाठी करतोय.”

मी ते मोठ्याने मराठीत सांगितलं. दादा प्रथम हसला. “म्हणजे लबाड आहे,” तो म्हणाला, “पण आपल्यातलाच.” बाबाही मागे कुणाला तरी म्हणाले, “व्हय, पोटासाठी हाय तर. आदी सांगायचं ना.” वाट कुणी सोडली असं नाही, पण दादा निघाला तेव्हा कुणी अडवलंही नाही. ओल्या वाळूवर तो गिरणीवाल्यांत मिसळून खेळला, आणि मी इतकं सुंदर पळणं पुन्हा पाहिलं नाही.

दादा गिरणीत लागला, पुष्कळ वर्षं खेळला, आणि पाय थकल्यावर त्याच संघाचं सगळं बघू लागला. साहेबाने त्याच हिवाळ्यात बंगली सोडली. “काम झालं, गेला,” असं गाव म्हणालं. मोजणी मात्र आली नाही, पोलीसही आले नाहीत. साहेबाला नोकरी परत मिळाली नाही याचा राग दादा गिरणीच्या लोकांवर धरून होता; शब्द देऊन फिरवला म्हणायचा.

परवा त्या संघातले एक वृद्ध खेळाडू समाचाराला आले होते. त्या रविवारी ते बांधावर होते. मी सहज विचारलं, की साहेबाला दिलेला शब्द का पाळला नाही. ते गोंधळले. “शब्द कसला? नोकरीचं बोलणंच नव्हतं. त्याने एवढंच विचारलं होतं, की पोराला राहायला बरी खोली मिळेल ना.”

तेव्हापासून मी हाच विचार करतो आहे. या वृद्ध गृहस्थांना नीट आठवत नसेल. गिरणीच्या बाजूने ते खोटंही बोलले असतील. माझं मन अजून ती संशयाची वाट सोडत नाही. पण ते खरं असेल, तर त्या सकाळी त्या माणसाने आमच्याकडे एकदाच पाहिलं आणि आम्ही कशावर विश्वास ठेवू ते ओळखलं. चांगुलपणा आम्हांला पचणार नाही, स्वार्थ पचेल. म्हणून त्याने स्वतःसाठी एक स्वार्थ तयार केला आणि आमच्या हाती ठेवला. दादा गेला तो त्याला लबाड समजत, आणि त्या लबाडीवर प्रेम करत. त्याला आता सांगता येत नाही. आलं असतं, तरी सांगितलं असतं का, कोण जाणे.