कुठे मोजलंय?

शिवणकारखान्यात घड्याळ लावून प्रत्येकीचं काम मोजणाऱ्या बाईंना सगळ्या 'पुरावाताई' म्हणत. कुणी देवाचं, युनियनचं, माणुसकीचं बोलू लागलं की त्या हात पुढे करायच्या, "आणा पुरावा!"

आज मॅनेजरने त्यांना केबिनमध्ये बोलावून एक कागद पुढे सरकवला. काजं करणाऱ्या म्हाताऱ्या मावशींना कामावरून काढायचं होतं.

"तासाला बेचाळीस काजं. बाकीच्यांची साठ. तुम्हीच मोजलीत ना?"

"मीच. पाच वेळा."

"मग करा सही. की तुमच्याही जागी दुसरी बघू?"

काचेपलीकडे मावशी डोळे बारीक करून सुईत दोरा ओवत होत्या. पुन्हा हुकला. पुरावाताईंनी पेनाचं टोपण काढलं, पण सही केली नाही.

"साहेब, त्यांचं काम कमी भरतं, हे सिद्ध झालं. पण कमी भरलं की माणूस काढावा, हे कुठे मोजलंय?"

"अरे वा! आणि काढू नये, याचा आहे पुरावा?"

पुरावाताईंनी कागदावरचे आकडे पुन्हा एकदा वाचले. मॅनेजर बोटांनी टेबल वाजवत होता.

"नाही," त्या शेवटी म्हणाल्या, "आणि शोधूनही सापडायचा नाही." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "बघा तुम्ही दुसरी."