पिवळी दोरी

जपानहून परत येऊन मला तीन वर्षं होत आली, तरी यवतच्या स्टँडवर चहाला थांबलं की कोणी ना कोणी विचारतंच, "तिकडं बरं का इकडं?" सुरुवातीला मी मनापासून सांगायचो. आता कंटाळा येतो. लोकांना दोनच गोष्टी ऐकायच्या असतात: तिकडं रस्त्यावर कागदाचा कपटासुद्धा दिसत नाही, आणि तिकडं आपल्यासारखं जेवण मिळत नाही. दोन्ही सांगतो, चहा संपवतो आणि निघतो.

तिकडं मी पाच वर्षं गाड्यांच्या वायरिंगच्या कारखान्यात होतो. गाडीच्या पोटातून फिरणाऱ्या वायरी एका मोठ्या फळीवर मांडून बांधायच्या आणि टोकांना प्लॅस्टिकचे कनेक्टर बसवायचे. कनेक्टर नीट बसला की टक् असा आवाज येतो. आवाज नाही आला तर चालती गाडी कधीतरी रस्त्यात बंद पडणार. फळ्यांच्या डोक्यावरून एक पिवळी दोरी गेलेली असायची. शंका आली की कोणीही ती ओढायची, मग सगळी लाइन थांबते.

पहिल्यांदा मी ती ओढली ती एका कनेक्टरचा टक् ऐकू आला नाही म्हणून. वाटलं, आता परतीचं तिकीट. आमचा लीडर, साठीच्या घरातला माणूस, पळत आला, मान लववून आधी "धन्यवाद" म्हणाला आणि मग विचारलं, "काय झालं?" कनेक्टर तपासला तर चांगला होता, माझ्याच कानाची चूक. त्यानं पुन्हा धन्यवाद दिले आणि लाइन चालू केली. त्या दिवशी खोलीवर गेल्यावर मला रडू आलं.

तिथं सगळे मला आडनावानं हाक मारायचे, मागं मान देणारा शब्द लावून. आमच्याकडं आडनाव विचारून झालं की समोरच्याचा आवाज जरासा बदलतो, ते मी लहानपणापासून ओळखतो. तिथं माझं आडनाव दिवसभर कारखान्यात ऐकू यायचं आणि त्यावरून कोणालाच काही कळायचं नाही. मी बौद्ध आहे म्हटल्यावर लीडर खूश झाला, "आम्हीही." पण घरात कोणी वारलं तरच हे लोक देवळात जातात. आमच्या वस्तीतलं विहार आम्हाला काय आहे, हे सांगायला माझी जपानी पुरली नाही.

आता तो स्वर्ग होता असं कोणी समजू नये. मी तीन दिवस तापानं फणफणलो होतो तेव्हा कोणी दार वाजवलं नाही. शेजारी पाच वर्षांत मान झुकवण्यापलीकडं गेला नाही. इकडं नुसतं खोकलं तरी चार बाया काढ्याची कृती सांगून जातात. करार संपला, आई एकटी होती, आलो परत.

सणसवाडीत तसल्याच कारखान्यात सुपरवायझर म्हणून लागलो. तिथंही पिवळी दोरी होती, गिऱ्हाईक कंपनीची अटच होती म्हणून. पण चुकून कोणाचा हात लागू नये म्हणून ती गुंडाळून वर पाइपला बांधलेली. तपासणीला पाहुणे आले की सोडायची, गेले की बांधायची. मी पहिल्याच महिन्यात स्टूल घेऊन चढलो आणि ती सोडली. बायांना गोळा करून सांगितलं, "शंका आली की ओढा. मी आहे." फार थोर वाटलं होतं मला स्वतःविषयी.

बाया ऐकून घ्यायच्या आणि हसायच्या. कोणीही ओढली नाही. वर्ष गेलं, दुसरंही सरत आलं. मग गेल्या हिवाळ्यात एका दुपारी लाइन थांबली. दोरी ओढणारी बाई वडगाव रासाईची, चाळिशीची, ठेकेदाराच्या जीपमधून रोज यायची. घर तिच्या एकटीच्या पगारावर चालायचं. हाताला फार चलाख. मी पळत गेलो. ती म्हणाली, "सर, आज टक् वाजंना. तीन बघितले, तिन्ही तसलेच."

मी दोन कनेक्टर दाबून पाहिले. खरंच वाजत नव्हते. खोकंच्या खोकं खराब आलं होतं. मी ते दोन्ही खिशात टाकले. तिला धन्यवाद म्हणायचं मात्र राहून गेलं, कारण तेवढ्यात मॅनेजर आला होता. माल न्यायला आलेली गाडी गेटवर उभी होती आणि तो घामाघूम झाला होता. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "लाइन कोणी थांबवली?"

संध्याकाळी मीटिंग झाली. पाऊण तास लाइन बंद होती म्हणून जो तो आपापली बाजू सांभाळत होता. कनेक्टरविषयी कोणी विचारलं नाही. मॅनेजरनं ठेकेदाराच्या माणसाला सांगितलं, "ती बाई उद्यापासून नको." माझा हात खिशात होता आणि खिशात ते दोन कनेक्टर. टेबलावर ठेवून एक वाक्य बोलायचं होतं. आमच्या वस्तीतून त्या टेबलापर्यंत पोचलेला मी पहिलाच, घराचं छत नुकतंच टाकलेलं, असे सगळे विचार त्या दोन मिनिटांत आले. विषय बदलला. मी बोललो नाही.

चार दिवसांनी ते खोकं गुपचूप परत पाठवलं गेलं. त्यावर चर्चा झाली नाही.

मला महिनाभर नीट जेवण गेलं नाही. शेवटी एका रविवारी यवतहून मोटारसायकल काढली आणि भीमा ओलांडून वडगाव रासाईला गेलो. ती दुसऱ्याच्या रानात कांदे खुरपत होती. मला बघून पदर नीट करत बांधावर आली. रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "सर, तुम्ही कशाला एवढ्या लांब? बसा. पानी देते."

पाणी पिऊन झालं. त्या दोनांतला एक कनेक्टर मी खिशातून काढून तिच्या हातावर ठेवला. तिनं मातीनं भरलेल्या अंगठ्यानं तो दाबला. पुन्हा दाबला.

"वाजत न्हाई," ती म्हणाली. "म्हंजी माजं बराबरच हुतं."

"बरोबरच होतं, ताई."

"मला वाटायलं हुतं, कान गेलं का काय माजं." मग कनेक्टर उलटा करून बघत, "मीटिंग झाली तवा हे कुठं हुतं?"

"माझ्या खिशात."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "भ्यालो मी."

"भ्या तर मलाबी वाटलं हुतं सर," ती म्हणाली. "पर तुम्ही म्हनला हुता, मी हाय."

शेजारच्या वाफ्यातल्या बाया खुरपी थांबवून आमच्याकडं बघत होत्या. परत कामावर घ्यायला सांगतो, असं काहीतरी मी पुटपुटलो. ते तिनं ऐकून घेतलं, जसं पूर्वी माझं दोरीचं भाषण ऐकून घ्यायची तसं. कनेक्टर परत माझ्या हातात दिला.

मी गाडीला किक मारणार तेवढ्यात तिनं विचारलं, "दोरी हाय का अजून खाली?"

"नाही. वर बांधली."

"कुनी बांधली?"

मॅनेजरनं सांगितलं होतं हे खरं आहे. पण स्टूल घेऊन चढलो होतो मीच, गाठही मीच मारली होती, चांगली दुहेरी.

"मी," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि वळून वाफ्यात जाऊन बसली. दिवस मावळायच्या आत तिला ओळ पुरी करायची होती.