हळर्णची झर आणि पिवळा रंग

नकाशे काढणाऱ्या ऑफिसात नोकरी करणाऱ्या बाईला लग्नात सुखाने जेवता येत नाही, हे मी स्वानुभवाने सांगते! पानावर वरण पडलं रे पडलं की शेजारचा आपल्या बागायतीचं विचारतो, "गो बाये, आमचं भाट कुठल्या रंगात?" मी जमीन-वापराचा आराखडा करणाऱ्या टीममध्ये आहे. नकाशा शेवटी सरकारदरबारी जमा होतो, किस्से मात्र आमच्याच गळ्यात पडतात. आता इतके साठलेत की सांगितले नाहीत तर माझ्या पोटात दुखेल.

रंगांचं थोडक्यात सांगते. पिवळा म्हणजे घरं बांधा. हिरवा म्हणजे हात लावू नका. पूर्वी आधी रंग भरायचे आणि मग डोंगराचं, पाण्याचं काय होणार ते विचारायचे. म्हणजे बाळाचं बारसं करून झाल्यावर मुलगा की मुलगी बघायचं! या खेपेला दिल्लीहून हुकूम आला, देशभर सगळीकडे एकच पद्धत: आधी पर्यावरणाची तपासणी, मगच रंग.

आमचे बॉस नाईक सायब एकदम पेटले. "ऑफिसात बसून डोंगर रंगवायचे दिवस गेले!" म्हणत त्यांनी मेजावर हात आपटला, तो नेमका चहाच्या कपावर. अर्धा पेडणे तालुका तपकिरी झाला.

आमचा ड्रायव्हर सदा दारातून म्हणाला, "सायबानू, तपकिरी म्हणजे काय बांधूचा?"

*

त्याच आठवड्यात हळर्णहून आवडूकाकी आली. वय सत्तरीच्या पुढे, हातात छत्री, आणि आवाज असा की खिडकीतली कबुतरं उडाली.

"माझी झर खंय गेली?"

काकीच्या पोफळीच्या कुळागराला आणि वाड्यावरच्या अकरा घरांना पाणी देणारी झर डोंगराच्या पायथ्याशी आहे. जुन्या पद्धतीने रंगवलेल्या कच्च्या नकाशात तो अख्खा डोंगर पिवळा होता, आणि झर नव्हतीच! डोंगर कुठल्याशा कंपनीने घेतला होता, वर बंगले होणार होते. डोंगर कापला की झर आटणार, हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही.

सायबांनी नियम वाचून दाखवला. बारमाही झर असेल तर वरचा डोंगर हिरवा करता येतो. पण भर उन्हाळ्यात पाणी असतं याचा पुरावा हवा. आणि हे चाललं होतं ऑक्टोबरात! सुनावणी नाताळाच्या आधी. गेला उन्हाळा संपलेला, पुढचा यायचाय.

"हांव सांगता मगे, पाणी आसता म्हणून!" काकी म्हणाली.

"काकी, तुम्ही सांगून चालत नाही हो," सायब म्हणाले. ते बोलताना त्यांचाच चेहरा पडला होता.

*

केरीला आम्ही भरतीची रेषा आखायला गेलो. सदाने जीप थेट वाळूत घातली. दोन तास उन्हात खुंट्या मारून आम्ही रेषा पुरी केली. मग सायबांनी तिथल्या रापणकारांना, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांना, गोळा करून भाषण ठोकलं. "या रेषेच्या खाली काही म्हणजे काही ठेवायचं नाही. समुद्राचा भरवसा नसतो!"

एक म्हातारा रापणकार बिडी विझवत म्हणाला, "व्हय सायबा. मगे ती जीप कोणाची?"

आम्ही वळून बघितलं. अर्धी चाकं पाण्यात! शेवटी रापणीचा दोर जीपला बांधला आणि पंचवीसेक माणसांनी 'हैसा, हैसा' करत तिला ओढून काढली. आतून दोन कुर्ल्या निघाल्या, त्यांवरून बायकांत भांडण झालं ते वेगळंच.

सदा रडकुंडीला आला. "सायबानू, रिपोर्टात लिवू नकात हां!"

सायबांनी लिहिलं, "रेषेची प्रत्यक्ष पडताळणी केली."

*

कारापूरला फॉर्म भरत होतो. प्रश्न होता, 'आपल्या जमिनीत वन्यप्राणी येतात का?'

पहिल्या घरातले काका सावध. "येतात म्हटलं तर माझी जमीन जंगलात घालणार?"

"तसं सांगता येत नाही, काका."

"मग येत नाहीत."

त्यांच्या मागे, दहा पावलांवर, केळीत एक भलामोठा गवा उभा होता आणि आरामात केळ मोडून खात होता. मला दिसला, सदाला दिसला, सायबांना दिसला. काका काही मान वळवेनात!

"काका, तो...?" मी बोट दाखवलं.

"तो शेजाऱ्याचा."

शेजाऱ्याच्या बागेतून नवा रस्ता जायचा होता, आणि त्याला तो नको होता. आम्ही फाटकातून आत शिरायच्या आधीच तो ओरडला, "गवे चार लिहा! बिबटो लिहा! मोर तर किती ते विचारूच नका!"

"हत्ती?" सदाने विचारलं.

त्याने खरंच विचार केला. "नको. हत्ती म्हटलं तर लोकांना खोटं वाटेल."

*

नोव्हेंबरात हळर्णला जाऊन झर बघून आलो. पोफळींच्या गर्दीत जीपीएसला आभाळच दिसेना. मशीनने झर दाखवली ती थेट नदीच्या मधोमध! काकीने स्क्रीनमध्ये डोकावून बघितलं.

"ह्या यंत्राक पोवूंक येता मरे?"

चौथ्या खेपेला जागा बरोबर लागली. काळ्या दगडातून मनगटाएवढी धार पडत होती, बघून जीव गार झाला. पण नोव्हेंबरातलं पाणी कोण पुरावा म्हणून धरणार? काकीने चहा-पाव दिला आणि दारापर्यंत सोडायला आली, तेव्हा एवढंच म्हणाली, "सासू गेली तेव्हा ही झर माझ्या हवाली करून गेली गो." मला घरी पोचेपर्यंत चैन पडेना.

*

सुनावणी पंचायतीच्या हॉलमध्ये. अकरा घरं झाडून हजर. कंपनीतर्फे एक सल्लागार आले होते. कोट, चष्मा, आणि बोलणं असं गोड की ऐकत राहावं.

"या डोंगराखाली बारमाही झर नाही," ते म्हणाले. "पावसाचं पाणी झिरपतं, मार्चनंतर सगळं कोरडं ठाक. हे मी ऐकीव सांगत नाही. गेल्या मे महिन्यात आमची टीम स्वतः जागेवर होती."

सायब टेबलाकडे बघत बसले.

"आमच्या मेहनतीची थोडी कल्पना यावी म्हणून," सल्लागार म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

पडद्यावर फोटो आला. खाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं: 'मे महिन्याच्या रणरणत्या उन्हातही टीमचा उत्साह!' फोटोत काळा दगड. दगडावर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, अनवाणी, डोळे मिटून उभे असलेले सल्लागार स्वतः. डोक्यावर मनगटाएवढी पाण्याची धार. एका हातात अर्धा खाल्लेला मानकुराद आंबा.

सल्लागारांची पाठ पडद्याकडे होती. ते आमच्याकडे बघून हसत होते.

आवडूकाकी उठली. छत्री टेकत पुढे गेली, पडद्याला नाक लागेल इतक्या जवळून फोटो बघितला, मग सल्लागारांना बघितलं, मग परत फोटो.

"फोटोंतलो हो तूच मरे?"

सल्लागार वळले. त्यांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, फक्त कान लाल झाले.

"तो आंबो हांवेंच दिल्लो तुका," काकी मायेने म्हणाली. "पाणी थंड आशिल्लें न्हय रे पुता?"

सल्लागारांनी कपाळ पुसलं. बिचारा मुळात सज्जन माणूस असावा.

"खूप थंड होतं, काकी."