बसराईच्या नावाच्या मिरच्या

इथले जुने मेंबर मला ओळखतात. कुणी ग्रुपवर भुताखेताचा अनुभव टाकला की खाली "झोप झाली नसेल", "पित्त झालं असेल", "वाऱ्यानं दार आपटलं असेल" असं लिहिणारी खडूस बाई... ती मीच. केमिस्ट्री घेऊन बी.एससी. केलेली, माहेर जळगावचं, वडील बाबा-बुवांना दारातूनच परत पाठवणारे. आज मीच लिहायला बसलेय, त्यामुळे ज्यांना हसायचंय त्यांनी आधी हसून घ्या.

आम्ही बुऱ्हाणपूरला लालबागकडे राहतो. खाली घरमालकाचे पॉवरलूम, वर आमच्या तीन खोल्या आणि रस्त्याच्या बाजूला गॅलरी. दिवसभर पायाखाली मागांचा खडखडाट. पाहुण्यांचं डोकं उठतं, आम्हाला मात्र लाइट गेली की चुकल्याचुकल्यासारखं होतं. माझे मिस्टर, विजय, यांचं केळीच्या बागांना लागणाऱ्या ड्रिपच्या नळ्यांचं दुकान आहे. घरात आम्ही दोघं, सासूबाई, आमची मुलगी पिहू आणि बसराई.

बसराई म्हणजे मांजर. आमच्या लग्नाआधी विजयना धूलकोटला मित्राच्या बागेत, केळीच्या वाळल्या पानांत सापडलेलं पिल्लू. रंग पिवळा, म्हणून केळीच्याच एका जातीचं नाव ठेवलं. मला मांजरांचा राग नाही. पण बाळंतपणाला माहेरी जाताना मी स्पष्ट सांगितलं होतं, मी बाळाला घेऊन येईन तेव्हा मांजर घरात नको. केस, जंत, नखं... "हो गं, टेन्शन नको घेऊ," विजय म्हणाले. सव्वा महिन्यानं मी परत आले, सासूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळला, आणि उंबऱ्यात सगळ्यांच्या पुढे कोण? बसराई! शेपटी ताठ करून.

त्या दिवसापासून रोज तोच वाद.

"पाळण्यात चढली तर?"

"चढली का आजपर्यंत? खालीच तर बसते बिचारी."

ते खरं होतं. पाळण्याच्या बरोबर खाली पाय पोटाशी घेऊन बसायची आणि वर बघत राहायची. मला नेमकं तेच बघवायचं नाही. एकदा मी म्हटलंच, "अहो, एक तर ती राहील नाहीतर मी."

"यार, ती तुझ्या आधीपासून आहे ह्या घरात!"

हे वाक्य मला लागलं. आजही आठवलं की लागतं.

सासूबाई या भांडणात पडायच्या नाहीत. त्यांचं एकच काम, दिवेलागणीला पिहूची नजर उतरवायची. मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन पिहूवरून ओवाळायच्या आणि गॅलरीतल्या कोळशाच्या शेगडीत टाकायच्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: नजर लागलेली असेल तर मिरच्या जळल्या तरी ठसका लागत नाही, नसेल तर लागतो, असं मानतात. मला हा निव्वळ मूर्खपणा वाटायचा. धूर पिहूपर्यंत नको म्हणून मी मधलं दार लावून घ्यायचे. ठसका तर असा लागायचा की खाली मागावर काम करणारे ओरडायचे, "भाभीजी, मार डाला!" सासूबाई खोकत खोकत खूश व्हायच्या. "पोरीले काईच नाई. साफ हाय माही नात."

मग एक दिवस पिहूच्या टोपड्यात पिवळे केस सापडले आणि मी फार तमाशा केला. विजय उठले. बसराईला क्रेटमध्ये घातलं, गाडीला बांधलं आणि धूलकोटला त्याच मित्राकडे सोडून आले. आल्यावर न जेवता बसून राहिले. मला वाईट वाटलं, पण सुटल्यासारखंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी मिरच्या शेगडीत टाकल्या. तडतडल्या, काळ्या पडल्या, धूर निघाला... आणि काही नाही. आम्ही दोघी शेगडीवर वाकून उभ्या आणि नाकाला काहीच नाही. खालून कुणी ओरडलं नाही. नुसते माग चालले होते.

"पोरीले नजर हाय वं," सासूबाई म्हणाल्या.

"आई, मिरच्या सादळल्या असतील." मी दुसऱ्या दिवशी बाजारातून नव्या आणल्या. तरी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

आणि पिहू दूध पिईनाशी झाली. अंगावर घेतलं की तोंड फिरवायची, रडायची, रडूनही आवाज बारीक. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, रिपोर्ट नॉर्मल. औषध चालू केलं, तरी वजन उतरत होतं. तिच्या मनगटातले काळे मणी सैल होऊन कोपरापर्यंत सरकायचे. मी एवढी कधीच घाबरले नव्हते.

तरीही मी मी आहे. मी प्रयोग केला. एकाच पुडीतल्या मिरच्यांचे दोन वाटे केले. एक वाटा न ओवाळता तसाच शेगडीत टाकला, तर जीव जायची वेळ! खालून "मार डाला!" ऐकून मला रडू आलं, इतका तो आवाज ओळखीचा वाटला. धूर ओसरल्यावर दुसरा वाटा पिहूवरून ओवाळून टाकला. काही नाही.

मनाचे खेळ नकोत म्हणून दुसऱ्या दिवशी दोन वाट्यांत मिरच्या काढल्या आणि विजयना हाताशी घेतलं. कोणती वाटी ओवाळलेली ते त्यांना सांगितलं नाही, पदराआड वाट्या बदलल्या, आणि त्यांनाच टाकायला लावल्या. ओवाळलेल्या वाटीला ते नुसते उभे राहिले. म्हणाले, "ये क्या है?"

"बसराईला घेऊन या," मी म्हणाले. ती गेली त्याच संध्याकाळपासून हे सुरू झालं होतं. माझ्या तोंडून हे निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं. मलाही नव्हतं. गाडीची किल्ली घेऊन ते तसेच उठले.

दुपारी क्रेट उघडलं तर ती कुणाकडे न बघता पाळण्याखाली जाऊन बसली. संध्याकाळी मिरच्यांचा असा ठसका लागला की सासूबाईंना पाणी द्यावं लागलं. आणि पिहू, काहीही म्हणा तुम्ही, पोटभर प्याली. औषधाचा गुण उशिरा आला असेल. मीच दुसऱ्याला हे लिहिलं असतं.

इथं संपलं असतं तर मी हे टाकलंही नसतं. पण पिहू भरत गेली तशी बसराई खंगत गेली. केस गळायला लागले, खाणं कमी झालं. जनावरांच्या डॉक्टरांनाही काही सापडलं नाही. एका संध्याकाळी सहज मनात आलं म्हणून मी तिच्यावरून मिरच्या ओवाळल्या. शेगडीत टाकल्या. ठसका नाही. पिहूच्या मिरच्यांनी आत्ताच सगळे खोकले होते, आणि हिच्या नुसत्या जळत होत्या.

मी हे विजयना सांगितलं.

ते बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "उद्या सोडून येतो हिला. इथं राहिली तर मरेल."

"नाही."

"तूच म्हणायचीस ना घरात नको?"

"आता म्हणते राहू दे. तुम्ही पिहूचे बाप आहात की हिचे?"

"दोघींचा," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि मला तरीही दया आली नाही. सासूबाई वाती वळत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

शेवटी ठरलं ते असं. आजचं धरायचं नाही, उद्यापासून रोज पिहूनंतर बसराईचीही नजर काढायची. ठसका लागला तर ती राहील. ज्या दिवशी लागणार नाही, त्या दिवशी ते तिला धूलकोटला नेतील आणि मी अडवायचं नाही.

त्याला काही महिने झाले. पिहू आता धरून उभी राहते. याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. मिरच्यांचं नाही, दुधाचं नाही, मांजराचं तर नाहीच. तुमच्याकडे असेल तर लिहा, पण "झोप झाली नसेल" लिहू नका, ते माझं वाक्य आहे. आणि हे मी इथं लिहू शकते, कारण विजय हिंदी मीडियमचे. घरात मराठी बोलतात, पण मराठीत चार ओळींच्या पुढे वाचायचा त्यांना कंटाळा.

रोज संध्याकाळी मी बसराईवरून मिरच्या ओवाळते आणि गॅलरीत नेताना त्या मूठभर मिरच्या ओच्यात टाकते. शेगडीत टाकते त्या दुसऱ्याच, कुणावरूनही न ओवाळलेल्या. ठसका लागतो. खालून "मार डाला" येतं. विजय खोकतात, हसतात, "देख, ठीक आहे ती," म्हणतात आणि तिला मांडीवर घेतात. आता तिचं वजन मांडीला जाणवतही नसणार, पण ते तसं म्हणत नाहीत.

ती थोडा वेळ त्यांच्याजवळ बसते. मग माझ्याकडे बघते आणि उतरून पाळण्याखाली जाते. तिला कुणी बोलावत नाही. रोज आपली आपण जाते.